वाचकांचे प्रश्न : गावात रुग्णालय आले की आणखी काय काय बदलते?

ग्रामीण रुग्णालये आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे यांच्याविषयी मुंबई, ठाणे आणि पालघर परिसरातील वाचकांची बरीच पत्रे आली. त्यांपैकी काही या अंकात घेतली आहेत. पत्रे लांब असल्यामुळे संक्षेपाने दिली असून वाचकांची नावे छापलेली नाहीत.

प्रश्न : आमचे गाव रत्नागिरी जिल्ह्यात आहे आणि मुंबईत आमचे ग्रामस्थ मंडळ आहे. शेजारच्या बाजारपेठेच्या गावी ३० खाटांचे ग्रामीण रुग्णालय मंजूर झाल्यापासून मंडळात दोन तट पडले आहेत. रुग्णालयामुळे साऱ्या परिसराचे जगणे सुधारेल, म्हणून आपण मोठी देणगी द्यावी, असे काही जण म्हणतात. रुग्णालय ही आजाऱ्यांची सोय, तिचा गावाच्या बाकीच्या व्यवहाराशी काय संबंध, असे इतरांचे म्हणणे आहे. आपले मत काय? (एक वाचक, भांडुप)

उत्तर : संबंध आहे, आणि मंडळींना वाटतो त्यापेक्षा जवळचा आहे. मात्र तो ठरतो रात्री त्या इमारतीत कोण मुक्कामाला असते यावर. ज्या रुग्णालयाचा भरवसा धरता येतो त्याच्या आधारे माणसे आपले इतर बेत आखू लागतात, आणि गावाचे जगणे बदलते ते तिथून.

आपल्याच भागातील पावसाळा डोळ्यांपुढे आणा. भाताची लावणी जुलैत येते, आणि ताप, जुलाब, लेप्टोस्पायरोसिस, सर्पदंश हेही त्याच सुमारास डोके वर काढतात. वर्षातील सर्वाधिक कामाचे दिवस आणि सर्वाधिक आजाराचे दिवस असे एकावर एक येतात. जवळ उपचाराची खात्री नसली की माणूस दुखणे अंगावर काढतो आणि चौथ्या-पाचव्या दिवशी, उभे राहणे अशक्य झाल्यावर, भाड्याची गाडी करून जिल्ह्याच्या ठिकाणी जातो. त्याच्याबरोबर घरातील आणखी एक कामाचे माणूस अडकते, शेतातील चिखल वाळू लागतो, रोपे जून होतात आणि गाडीभाड्यासाठी कुणापुढे तरी हात पसरावा लागतो. तोच माणूस पहिल्या दिवशी एसटीने जाऊन औषध घेऊन परतला, तर दोन-तीन दिवसांत पुन्हा शेतात उभा राहतो. यातील वाचलेली मजुरी, टळलेले कर्ज आणि वेळेवर झालेली लावणी रुग्णालयाच्या कोणत्याही नोंदवहीत लिहिली जात नाही. तिथे एवढेच दिसते, की एक तापाचा रुग्ण आला आणि गेला.

विंचूदंशाचे उदाहरण तर कोकणातील वाचकांना सांगायलाच हवे. डॉ. हिंमतराव बावस्कर १९७० च्या दशकात महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले तेव्हा लाल विंचू चावलेली माणसे, विशेषतः मुले, हृदयावर परिणाम होऊन दगावत असत. रुग्णाच्या उशाशी बसून त्यांनी केलेल्या नोंदी १९८२ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाल्या आणि पुढे प्राझोसिन या रक्तदाबावरील स्वस्त गोळीने हे मृत्यू फार मोठ्या प्रमाणात कमी करता येतात, हे त्यांनी दाखवून दिले. जांभ्याचे चिरे उचलणाऱ्या, भाताच्या उडव्या रचणाऱ्या आणि काळोखात गोठ्यात जाणाऱ्या माणसांच्या जिवाची धास्ती त्यामुळे कमी झाली. त्या वेळी तिथे मोठे यंत्र नव्हते. रात्री जागणारा डॉक्टर होता.

व्यापाराविषयी थोडक्यात सांगता येईल. रुग्णालयासमोर मेडिकलचे दुकान, चहाची टपरी, रिक्षाथांबा आणि रक्त तपासणारी लॅब ही रांग लवकरच लागते. कर्मचाऱ्यांचे पगार काही अंशी तिथेच खर्च होतात, भाड्याच्या खोल्यांना मागणी येते, आणि आठवडी बाजाराच्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात गर्दी उसळते, कारण एकाच खेपेत तेल-मीठ आणि औषध दोन्ही होते. पण ही बरकत बाजारपेठेच्या गावाची आहे. पाच-सात किलोमीटरवरील वाडीला ती आपोआप मिळत नाही; उलट, वाडीजवळच्या उपकेंद्रातील नर्सबाई मोठ्या रुग्णालयाच्या कामाला जुंपली गेली, तर वाडीचे नुकसानच होते. आपले गाव शेजारचे आहे, बाजारपेठेचे नव्हे, हे मंडळाने लक्षात ठेवावे.

देणगीविषयी स्पष्ट मत देतो. रुग्णवाहिका देऊन तिच्यावर मंडळाचे नाव रंगवण्याचा मोह आवरावा. चालकाचा पगार, डिझेल आणि दुरुस्ती यांची तरतूद नसलेली गाडी दोन-तीन पावसाळ्यांत गंजते, आणि तातडीच्या रुग्णांसाठी राज्यात २०१४ पासून १०८ क्रमांकाची सेवा आहे. त्यापेक्षा कर्मचारी निवासांची दुरुस्ती, तिथले पाणी आणि तिथली वीज यांकडे पाहावे. गळक्या निवासात कोणताही डॉक्टर किंवा सिस्टर कुटुंबासह राहणार नाही, आणि जो तालुक्याच्या गावाहून येऊन-जाऊन काम करतो तो संध्याकाळी पाचच्या एसटीने परत जातो. बाळंतपणे आणि साप मात्र पाचनंतरही येतात.

प्रश्न : सामुदायिक आरोग्य केंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, उपकेंद्र आणि ग्रामीण रुग्णालय ही एकाच गोष्टीची नावे आहेत काय? (एक विद्यार्थी, विलेपार्ले)

उत्तर : नाहीत. सर्वांत खालचे उपकेंद्र साधारण ५,००० लोकसंख्येसाठी, प्राथमिक आरोग्य केंद्र ३०,००० लोकसंख्येसाठी आणि सामुदायिक आरोग्य केंद्र १,२०,००० लोकसंख्येसाठी असावे, असा देशभरचा निकष आहे. डोंगराळ आणि आदिवासी भागांत हेच आकडे अनुक्रमे ३,०००, २०,००० आणि ८०,००० असे आहेत. सामुदायिक आरोग्य केंद्रात ३० खाटा आणि शल्यचिकित्सक, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ व बालरोगतज्ज्ञ असे चार तज्ज्ञ अपेक्षित असतात. महाराष्ट्रात हे काम प्रामुख्याने ग्रामीण रुग्णालय करते. या रचनेचा पाया सर जोसेफ भोर यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९४६ च्या अहवालात घातला. आपल्या राज्यात उपकेंद्रे आणि प्राथमिक आरोग्य केंद्रे जिल्हा परिषदेच्या ताब्यात आहेत, तर ग्रामीण रुग्णालय राज्य शासनाच्या सार्वजनिक आरोग्य विभागाकडे असून त्यावर जिल्हा शल्यचिकित्सकांची देखरेख असते. तक्रार कुणाकडे करायची हे यावरून ठरते, म्हणून हा भेद निव्वळ परीक्षेपुरता नाही.

प्रश्न : आम्ही परळला दोन खोल्यांत राहतो. सासरच्या गावाहून कुणीही आजारी पडले की केईएममध्ये दाखवण्यासाठी ते आमच्याकडे उतरतात. नाही म्हणता येत नाही आणि झेपतही नाही. गावाकडे ग्रामीण रुग्णालय झाले तर हे थांबेल का? (एक वाचिका, परळ)

उत्तर : पूर्ण थांबणार नाही. कर्करोग, हृदयाची शस्त्रक्रिया, मेंदूचे विकार यांसाठी रुग्ण केईएम, जे. जे., शीव किंवा टाटा रुग्णालयात येतच राहतील, आणि ज्यांना नातलगाचे घर नाही ते दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेचा आसरा शोधतील, नाहीतर पदपथावर पथारी पसरतील. पण आपल्याकडे उतरलेल्या पाहुण्यांचे आजार आठवून पाहावेत. साखर तपासणे, रक्तदाबाच्या गोळ्या बदलून घेणे, हर्निया, बरी न होणारी जखम, अवघड वाटलेले पहिले बाळंतपण, सोनोग्राफी, अशांसाठी आलेलेही त्यांत बरेच निघतील. ३० खाटांच्या रुग्णालयात तज्ज्ञ आणि साधने असतील तर यांतील बहुतेक कामे तिथेच व्हायला हवीत. रक्तदाब आणि मधुमेह यांच्या नेहमीच्या गोळ्या तर उपकेंद्रातही मिळणे अपेक्षित आहे, आणि सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून, केसपेपरसह, निःशुल्क आहेत.

गावी एकटे राहणाऱ्या वृद्धांच्या बाबतीत हा फरक सर्वांत जास्त जाणवतो. मुले मुंबईत, शेती आणि घर गावी, आणि आई-वडील गाव सोडायला तयार नाहीत, ही स्थिती कोकणातल्या आणि साताऱ्याच्या डोंगरी भागातल्या घरोघरी आहे. महिन्याची गोळी जवळ मिळू लागली की त्यांचे गावी राहणे लांबते, घराला कुलूप लागत नाही, आंब्या-काजूच्या बागेवर कुणाचे तरी लक्ष राहते, आणि मुंबईतील मुलाची रजा व प्रवासखर्च वाचतो.

देशाच्या एकूण आरोग्यखर्चापैकी लोकांच्या खिशातून थेट जाणारा हिस्सा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता आणि २०२१-२२ मध्ये तो ३९.४ टक्क्यांवर आला, असे राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत नोंदले आहे. नातलगाच्या घरी घातलेल्या पथाऱ्या, दोन वेळचे जेवण आणि त्यासाठी घेतलेली बिनपगारी रजा यांचा हिशेब या आकड्यांत कुठेही नाही, हे आपले पत्र वाचताना प्रकर्षाने जाणवले.

प्रश्न : मी पालघर जिल्ह्यातील शाळेत शिक्षिका आहे. आरोग्य केंद्राचा बायकांच्या जगण्यावर आणि मुलांच्या शिक्षणावर होणारा परिणाम मोजला जातो का? (एक वाचिका, विरार)

उत्तर : काही भाग मोजला जातो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात दवाखान्यात होणाऱ्या बाळंतपणांचे प्रमाण २००५-०६ मध्ये ६४.६ टक्के होते. ते २०१९-२१ मध्ये ९४.७ टक्के झाले. या काळात, २००५ पासून, राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झाले आणि साधारण हजार लोकसंख्येमागे एक आशाताई नेमली गेली. एवढ्या बदलाचे सारे श्रेय एका योजनेला देता येणार नाही, कारण रस्ते आणि मुलींचे शिक्षणही त्याच वर्षांत वाढले. पण रात्री गाडी बोलावून गरोदर बाईसोबत जाणारी बाई त्यापूर्वी गावात नेमलेली नव्हती.

शिक्षणाशी असलेला एक धागा तर आपल्या शाळेच्या पटावरच दिसेल. जुन्या दाखल्यांवर किती जणांची जन्मतारीख १ जून आहे ते पाहा. घरी झालेल्या बाळंतपणाची नोंद नसे, म्हणून शाळेत घालताना गुरुजींनी ती तारीख लावून दिलेली असे. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाची नोंद तेव्हाच होते. १ ऑक्टोबर २०२३ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंतच्या अनेक कामांत जन्मदाखला हाच तारखेचा पुरावा धरण्याची तरतूद झाली आहे, त्यामुळे त्या कागदाचे मोल आता आणखी वाढले आहे. मुलीचे लग्न १८ वर्षांच्या आत लावायला निघालेल्या घरातही हा कागद आडवा येतो, आणि तो यावाच.

आशाताईंविषयी मात्र दुहेरी बोलावे लागेल. त्या हातात वही घेऊन घरोघर जातात, तालुक्याला सभेला जातात, बँकेत स्वतःचे खाते चालवतात आणि ग्रामसभेत उभे राहून बोलतात. घराबाहेरचे बायकांचे असे फिरणे अनेक गावांत त्यांच्यामुळे नेहमीचे झाले. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये त्यांचा जागतिक पातळीवर गौरवही केला. परंतु त्यांना नियमित वेतन नाही, कामावर आधारित मोबदला मिळतो, आणि त्याच्या वाढीसाठी २०२४ च्या फेब्रुवारीत राज्यभरातील आशाताईंना मुंबईत आझाद मैदानावर मुक्काम ठोकावा लागला. गावातील आरोग्यसेवेचा सर्वांत जवळचा दुवा स्वयंसेविका या नावाखाली कमी पैशांत राबवून घेणे ही गावाची प्रगती म्हणून मिरवण्यासारखी गोष्ट नाही.

प्रश्न : मी समाजकार्याचा अभ्यास करतो. आरोग्य केंद्राने पाणी, धान्य, जातिभेद अशा प्रश्नांत पडावे, की फक्त उपचार करावेत? आमच्या वर्गात यावर जोरदार वाद झाला. (एक विद्यार्थी, देवनार)

उत्तर : हा वाद जुना आहे आणि ज्यांनी प्रत्यक्ष काम केले त्यांनी तो आपापल्या परीने सोडवला आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे १९७० मध्ये अहिल्यानगर (तेव्हाच्या अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेडला आले तेव्हा लोकांनी आधी पाणी आणि धान्य मागितले, कारण दुष्काळ दारात उभा होता. आरोळे दांपत्याने विहिरी आणि हातपंपांच्या कामात हात घातला. काही गावांत पंप दलित वस्तीत बसले आणि पाण्यासाठी इतरांना तिथे यावे लागले. गावातल्याच, बहुधा निरक्षर असलेल्या आणि अनेकदा दलित समाजातल्या बायकांना त्यांनी आरोग्यसेविका म्हणून शिकवले. जिच्या हातचे पाणी पूर्वी चालत नव्हते तिच्याकडून बाळाची नाळ कापून घेतली जाऊ लागली. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

विशेष म्हणजे अमेरिकेतही याच सुमारास हीच वाट कुणी तरी चोखाळली होती. मिसिसिपी राज्यातील माउंड बायू या कृष्णवर्णीयांच्या गावी १९६० च्या दशकात उभ्या राहिलेल्या आरोग्य केंद्रात डॉ. जॅक गायगर आणि त्यांचे सहकारी कुपोषित मुलांसाठी औषधाच्या चिठ्ठीवर अन्न लिहून देत. किराणा दुकानदार ते देई आणि बिल केंद्राच्या औषधखात्यावर पडे. वरून विचारणा झाली तेव्हा कुपोषणावरचे औषध अन्नच आहे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढे गावकऱ्यांनी भाजीपाल्याची सहकारी शेतीही उभी केली.

मुंबईसमोरच्या खाडीपलीकडे, अलिबाग तालुक्यातील मांडव्याचा अनुभव मात्र सावध करणारा आहे. जे. जे. रुग्णालयातील नामवंत शल्यचिकित्सक डॉ. नोशीर अंतिया यांनी १९७० च्या दशकात तिथे गावातल्या बायकांना प्राथमिक उपचार शिकवले. काम चांगले चालले, आणि चालल्यामुळेच स्थानिक सत्ताधाऱ्यांच्या डोळ्यांत खुपले; अखेर तो प्रयोग गुंडाळावा लागला. ज्या केंद्रामुळे गोरगरिबांचे कुणावाचून अडेनासे होते त्या केंद्राला गावातील काही माणसांचा विरोध होणारच, हे आपल्या वर्गातील उत्साही मंडळींनी गृहीत धरावे.

आजच्या सरकारी चौकटीतही हा हस्तक्षेप पूर्णपणे वगळलेला नाही. आरोग्य कर्मचारी गावच्या पाण्याच्या स्रोतांची पाहणी करतात आणि जोखमीनुसार ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड दिले जाते. पाणी निर्जंतुक करणारी टीसीएल पावडर वेळेवर टाकली का, विहिरीभोवती सांडपाणी साचते का, गळती आहे का, हे त्यातून उघडे पडते. लाल कार्ड मिळालेल्या सरपंचाला गावात चार प्रश्न ऐकावे लागतात, आणि माझ्या मते एवढा दबाव निर्माण करणे हेही आरोग्य केंद्राचे उपचाराइतकेच महत्त्वाचे काम आहे.

प्रश्न : ही सारी चर्चा कागदावरची आहे. सरकारी केंद्रांत डॉक्टर नसतात हे सर्वांना ठाऊक आहे. गावोगावी खासगी दवाखाने आहेत. सरकारने तेच पैसे विम्यावर खर्च करावेत. (एक वाचक, दादर)

उत्तर : डॉक्टर नसतात, ही तक्रार खरी आहे. २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार देशातील ग्रामीण सामुदायिक आरोग्य केंद्रांत आवश्यक तज्ज्ञांपैकी सुमारे ८० टक्के तज्ज्ञांची उणीव होती. भूलतज्ज्ञ नाही म्हणून सिझर होत नाही, सिझर होत नाही म्हणून बाईला पुढे पाठवले जाते, आणि असे दोन-चार वेळा झाले की लोक तिथे जाणेच सोडतात. अशा रुग्णालयाचा परिसरातील जगण्यावर परिणाम होतो तो उलटा : गाडीभाडे दुप्पट होते आणि आशाताईच्या शब्दाला किंमत उरत नाही.

तरीही विम्याचा उपाय मला पुरेसा वाटत नाही. विमा रुग्णालयात दाखल झाल्यावर बिल भरतो. ज्या तालुक्यात दाखल होण्याजोगे रुग्णालयच नाही तिथे कार्ड खिशात ठेवून माणसाला नाशिक किंवा ठाणे गाठावे लागते; मोखाडा-जव्हारच्या रहिवाशांना हे वेगळे सांगायला नको. शिवाय खासगी दवाखाना आलेल्या रुग्णाला सलाईन लावील, पण वाडीवर जाऊन लस टोचणे, विहिरीचे पाणी तपासणे, क्षयरोग्याने गोळ्या मधेच सोडल्या तर त्याच्या दारी जाणे ही कामे तो करणार नाही, आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही नाही. वैद्यकीय पदवीनंतरच्या एका वर्षाच्या सक्तीच्या सेवेने तरुण डॉक्टर गावी येतात, पण वर्ष संपताच निघून जातात. तज्ज्ञ टिकवायचा असेल तर राहण्याजोगे घर, मुलांसाठी शाळा आणि सोबतीला दुसरा तज्ज्ञ, या तीन गोष्टींवर पैसा खर्च करावा लागेल.

प्रश्न : आमच्या मंडळाने एका सरकारी रुग्णालयाला पूर्वी दिलेल्या देणगीचे पुढे काय झाले ते कळले नाही. विचारता येते का? (एक वाचक, लालबाग)

उत्तर : अवश्य येते. ग्रामीण रुग्णालयांत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत रुग्ण कल्याण समिती असते आणि तिने जमाखर्च ठेवणे बंधनकारक आहे. समितीकडे लेखी विचारणा करावी. उत्तर न आल्यास २००५ च्या माहिती अधिकार कायद्याखाली अर्ज करता येतो. यापुढे देणगी देताना रक्कम कशासाठी आहे ते पत्रात लिहून पोच घ्यावी. समितीत ग्रामपंचायतीचा प्रतिनिधी असल्यास त्याला हा हिशेब ग्रामसभेत मांडायला सांगावे. मुंबईकरांसाठी १ मेची ग्रामसभा सोयीची असते, कारण सुटीमुळे निम्मे मंडळ तेव्हा गावीच असते. विषय कार्यपत्रिकेवर यावा यासाठी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे (पूर्वीच्या ग्रामसेवकाकडे) आधीच लेखी पत्र द्यावे.